चिंचेनं घासलेलं विमान

स्वच्छतेसाठी राबणारी माणसं जगात ढिगानं सापडतील. पण घाण करण्यासाठी इतकी मेहनत घेणारा माणूस माझ्या सासऱ्यांखेरीज मी दुसरा पाहिलेला नाही. महायुद्धात ते ब्रह्मदेशाच्या आघाडीवर हवाई दलात मेकॅनिक होते. सुटून बोर्ली पंचतनला घरी आले, सुपारीची वाडी बघू लागले आणि उरलेल्या वेळात हातभर लांबीची लढाऊ विमानं करू लागले. पांगाऱ्याचं लाकूड तासायचं, त्यावर ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा ठोकून बसवायचा, टाचण्यांच्या डोक्यांचे रिव्हेट करायचे. इथवर पाहणारा कुणीही वा म्हणेल. सासरे मात्र त्या चकचकीत विमानाकडे बघून तोंड वाकडं करायचे. "हे दुकानातलं झालं," ते म्हणायचे, "आता ह्याला लढाईवर पाठवायचं." आणि मग महिनेच्या महिने त्या पत्र्यावर डाग पाडत बसायचे.

पत्रा यायचा सासूबाईंच्या स्वैपाकघरातून. ॲल्युमिनियमच्या भांड्यांना आपण जर्मनची भांडी म्हणतो, त्यामुळे इंग्रजांच्या बाजूनं लढलेली ही विमानं अंगानं सगळी जर्मनचीच होती. दुधावरचं झाकण एक दिवस नाहीसं व्हायचं, सासूबाई मांजराला शिव्या घालायच्या आणि पुढं कधीतरी ते झाकण त्यांना विमानाच्या पंखावर भेटायचं. "रंगवलेलं विमान कुणीही करील," सासरे मला समजावत, "शेवटी शेवटी आमच्याकडे आलेली विमानं बिनरंगाची, उघड्या पत्र्याची होती. जावईबापू, रंग नसलेल्या विमानाला रंग देणं ह्यात खरी कसोटी!" खऱ्या विमानाचा प्रत्येक पत्रा वेगळ्या चमकीचा असतो म्हणे. म्हणून ते एका तुकड्याला राख घासत, दुसऱ्याला पानाचा चुना लावून मंद करत, तिसरा चहाच्या आधणात उकळत. त्या दिवशीच्या चहाला कशाची चव येतेय हे विचारायची कुणाची छाती नव्हती.

डागांचं तर एक वेगळंच शास्त्र होतं. इंजिनाच्या धुराला कंदिलाच्या काचेची काजळी, बंदुकांच्या तोंडाला एरंडेलाच्या दिव्याची. आमच्या पहिल्या मुलाच्या बारशाला घरात काजळ पाडलं, ते मुलाच्या डोळ्यांत जायच्या आधी मशीनगनला लागलं. गळक्या तेलासाठी खोबरेल की गोडेतेल ह्यावर त्यांनी माझ्याशी सबंध जेवणभर वाद घातला, मी काहीही बोलत नसताना. चाकांवरच्या चिखलाला गावची माती चालत नसे, कारण ब्रह्मदेशची माती म्हणे इतकी तांबडी नव्हती. मनासारखी माती शोधायला ते थेट दिघीच्या खाडीपर्यंत चालत गेले आणि धोतराच्या सोग्यात चिखल बांधून आले. एवढं करून विमान अंगणात बांबूला टांगायचं, समुद्राकडे तोंड करून, बोंबील वाळत घालतात तसं. खारा वारा पत्र्याला जे करतो ते माणसाच्या हातून होत नाही, असं त्यांचं म्हणणं.

माझं लग्न ठरलं तेही डागांवरच. मुलगा बघायला आले तेव्हा पगार, पत्रिका, कशाचीच चौकशी नाही. म्हणाले, "ऑफिसात डबा नेता ना? बघू तो." माझा डबा पार चेपलेला, कडा झिजलेल्या, झाकणावर ओरखडे. आईला लाजेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं. सासऱ्यांनी तो उजेडात धरून सगळीकडून निरखला आणि म्हणाले, "माणूस वस्तू वापरतो. शोभेला ठेवत नाही. आपली हरकत नाही." डबा परत करताना त्यांच्या जिवावर आलं होतं. त्या पत्र्यावर त्यांचा डोळा होता, हे मला पुढं कळलं.

आणि अशा माणसाच्या पदरी देवानं बायको कोण द्यावी, तर पंचक्रोशीत घासण्याबद्दल नावाजलेली! सासूबाईंच्या तांब्यात तोंड बघून कुंकू लावता यायचं. चिंच आणि राख घेऊन त्या विहिरीवर बसल्या की भांडी काय, दाराच्या कड्यासुद्धा उजळून निघत. एकाच घरात एक जण डाग पाडतोय, दुसरं माणूस डाग काढतंय, असा हा संसार. आणि तो टिकला एकाच करारावर, की सासूबाई विमानाला हात लावणार नाहीत. "मी कशाला शिवत्ये त्या काळतोंड्याला!" त्या म्हणायच्या, आणि इतकी वर्षं खरंच शिवल्या नव्हत्या.

ह्या सगळ्यात एक ठसठसणारं दुखणं होतं. सासरे विमानांवर होते हे गावात कुणालाच खरं वाटत नसे. कुणीतरी पिल्लू सोडून दिलेलं की हे फौजेत भटारखान्यात बटाटे सोलत होते. गाडीवान धोंडू तर तोंडावर विचारायचा, "दादा, खरा सांगा, इमानात बटाटं भरायला तरी चढलाव का न्हाय?" सासरे हसून सोडून द्यायचे. पण संध्याकाळी झोपाळ्यावर बसले की ही म्हणायची, "बाबांना लागतं हो ते." लागतच होतं. एवढी वर्षं जिवापाड केलेलं काम आणि ते पाहिलेलं एकही माणूस जवळपास नाही.

अशात एका नवरात्रात निरोप आला, की त्यांचे वैमानिक साहेब श्रीवर्धनला येताहेत आणि दसऱ्याला बोर्लीत डोकावून जाणार. ज्यांचं विमान सासऱ्यांनी शेवटपर्यंत सांभाळलं तेच हे साहेब. मूळचे पुण्याकडचे. सासऱ्यांना पंख फुटले! साहेबांचंच विमान त्यांनी पावसाळाभर करत आणलं होतं. साहेब नेहमी डावा पाय आधी टाकून चढत, म्हणून पंखाच्या मुळाशी बुटाचा घासा. शेपटीजवळ गोळी लागून लावलेलं ठिगळ. धुराचा पट्टा मागं जाताना किती फिकट व्हायचा, तेसुद्धा. "मी काही सांगणार नाही," ते मला म्हणाले, "साहेबांनी आपणहून ओळखलं पाहिजे. चारचौघांसमोर. बस्स, मग मला काही नको." मी त्या दिवसापासून गुपचूप देवाला सांगायला लागलो.

खंडेनवमीला सासरे सकाळीच बाजारात गेले, झेंडूची फुलं आणि साहेबांसाठी काही गोडधोड आणायला. घरात हत्यारांच्या पूजेची तयारी. कोयता, विळी, अडकित्ता, वाडीतली पहार, सगळं सासूबाईंनी विहिरीवर नेऊन लख्ख घासलं. आम्ही दोघं माळ्यावरून पाट काढत होतो, आमचं लक्ष नव्हतं. सासरे परत आले, देवघराशी गेले आणि हातातली झेंडूची पुडी तशीच धरून उभे राहिले. पाटावर सगळ्या हत्यारांच्या मधोमध विमान होतं. लखलखीत! ना धूर, ना तेल, ना बुटाचा घासा. चिंचेनं घासून, धुऊन, पुसून, नाकाडावर हळदकुंकू लावून ठेवलेलं.

"साहेब यायचे," सासूबाई पदराला हात पुसत म्हणाल्या, "त्यांच्यापुढं काळंकुट्ट कसं ठेवायचं? म्हणतील घरात बाई आहे की नाही. म्हटलं, एवढं झटताय, आपणही त्याचं काही करावं." आणि मग सासऱ्यांचा चेहरा बघून त्यांना उमगलं. "अगबाई! चुकलं का हो माझं?"

मला वाटलं आता आभाळ कोसळणार. सासरे फुलं खाली ठेवून म्हणाले, "छान निघालंय हो." आणि ओटीवर जाऊन बसले. मी कंदिलाची काच घेऊन त्यांच्यामागं धावलो. म्हटलं, निदान धूर तरी पाडू. त्यांनी मान हलवली. "पूजेत बसलेल्या हत्याराला दसऱ्याची आरती होईपर्यंत हात लावायचा नाही. मी आघाडीवर पाळलं, घरात मोडू?" सासूबाई त्या दिवशी जेवल्या नाहीत. मग सासरेही जेवले नाहीत, आणि दोघंही एकमेकांना जेवा जेवा म्हणत राहिले.

दसऱ्याला साहेब आले ते आरतीच्या आधीच, धोंडूच्या गाडीतून. टक्कल पडलेले, पोट सुटलेले, मोठ्यांदा हसणारे. साहेब बघायला अर्धी आळी ओटीवर जमलेली. बूट काढून ते देवाला नमस्कार करायला आत वाकले, आणि वाकलेलेच राहिले. हसणं बंद झालं. सासरे दाराला धरून उभे होते.

"अरे, हे तर माझं विमान," साहेब म्हणाले. "पहिल्या दिवसाचं. खोक्यातून काढून ह्यांनी जोडलं, तेव्हा अस्संच चमकत होतं. आणि मी चढायला गेलो तर ह्यांनी मला अडवलं. ट्रंकेतून एक पुडी काढली, नाकाडाला कुंकू लावलं, मगच सोडलं! मी केवढा ओरडलो होतो ह्यांच्यावर. पुढं मात्र प्रत्येक खेपेला मीच विचारायचो, कुंकू लावलं का म्हणून." ते सासऱ्यांकडे वळले. "मीसुद्धा विसरलो होतो हे. तुम्ही कसं लक्षात ठेवलंत?"

सासऱ्यांनी नुसतं सासूबाईंकडे बोट केलं. ती पुडी सासूबाईंनीच बांधून दिली होती, ते आघाडीवर निघताना. सगळे डाग लक्षात ठेवणाऱ्या माणसाला नेमकं तेच आठवलं नव्हतं. सासूबाई पदर तोंडाला लावून रडत होत्या आणि ओटीवर धोंडू सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "म्हंजी दादांनी बटाटं सोललं न्हाय तं!"

दसऱ्यानंतर सासरे पुन्हा काजळी घेऊन बसले, पण डाव्या अंगालाच. उजवा पंख आणि नाकाड त्यांनी तसंच ठेवलं. "तो हिचा," म्हणाले.

सासूबाईंना जाऊन आता काही वर्षं झाली. सासरे थकलेत, हात थरथरतो, नवी विमानं होत नाहीत. खारा वारा आपलं काम करतोच. वर्षभरात उजवा पंखही काळवंडतो. परवा खंडेनवमीला आम्ही गेलो, तर ते विहिरीवर बसले होते. मांडीवर विमान, बाजूला वाटीत भिजवलेली चिंच. मी म्हटलं, द्या, मी घासतो. "नको," ते म्हणाले, "तुम्हाला तिच्यासारखं जमायचं नाही." मग पंख सासूबाईंच्या मऊ जुन्या लुगड्याच्या तुकड्यानं पुसला आणि नाकाडाला कुंकू लावून ते विमान घेऊन सावकाश आत गेले.