छप्पर नसलेलं चर्च

तीन एप्रिल. बहारीनमधल्या जनाबियाच्या घरातलं कपाट आवरताना सासूबाईंच्या जुन्या पिशवीतून सुकलेल्या रानओव्याचा वास आला आणि तुर्कस्तानच्या किनाऱ्यावरचं ते पडकं बायझंटाइन चर्च आठवलं. ईदच्या सुट्टीत आम्ही गेलो होतो. सासरे गेल्यापासून सासूबाई बहारीनला आमच्याकडेच होत्या. साताऱ्याला परत जायचं म्हणायच्या, आणि "एकट्या कशा राहाल?" म्हणून आम्ही विषय खलास करायचो. चर्चला छप्पर नव्हतं, भिंतीतून अंजिराचं झाड वर आलं होतं, कडेने रानओवा माजला होता. दाराशी त्यांनी चपला काढल्या. "आई, पाय भाजतील. इथे आता देव नाही," मी म्हणाले. त्या तशाच आत गेल्या. म्हातारा रखवालदार फरशीवरच्या रंगीत खड्यांची नक्षी झाडत होता. "रोज झाडतो का, विचार त्याला," सासूबाई माझ्या लेकीला म्हणाल्या. तिने फोनवर भाषांतर करून विचारलं. त्याने मान डोलावली. "बघ," सासूबाई मला म्हणाल्या, "देव नाही, छप्पर नाही, तरी हा झाडतो. माझ्या साताऱ्याच्या ब्लॉकात दोन्ही आहे, आणि कुलूप लावून बसलेय." हॉटेलवर त्यांच्या तळव्यांना बर्फ लावला. दुसऱ्या दिवशी सकाळी, चहाच्या आधी, फोनवरून त्यांचं पुण्याचं तिकीट काढलं. परतीचं नाही काढलं.