फुल इंजिनाचा हट्ट

“फुल इंजिन करून टाका, मिस्त्री. मागं-पुढं बघू नका,” कादरभाई म्हणाले.

मी नुकतंच बोनेट उघडलं होतं, पान्याला हातही लावला नव्हता. कादरभाईंचं हिंगोलीत गाद्यांचं दुकान. गाडी चौदा वर्षांची, पेट्रोलवरची. सकाळी चालू केली की मागून निळसर धूर सोडायची, दोन मिनिटांत धूर थांबायचा. इतके दिवस ती गावातल्या गावात फिरत होती. आता त्यांची लेक नसरीन शिरड शहापूरकडे एका दवाखान्यात नर्स म्हणून लागली होती. रोज एकटीच गाडी घेऊन जाणार होती.

“एकदा बी वाटेत बंद पडली, तर नोकरी सोडायची. घरात तसं ठरलंय.”

नसरीन शेजारीच उभी होती.

आमच्या धंद्यात इंजिनाचं काम तीन प्रकारचं. वरचा भाग, म्हणजे हेड, उघडून केलं ते टॉपचं काम. पिस्टनच्या रिंगा आणि बेअरिंग बदलले तर हाफ. इंजिन उतरवून, सिलिंडर आतून कातून, म्हणजे बोअर करून, सगळं नव्याने बसवलं की फुल. गिऱ्हाईक सहसा ‘टॉपवर भागवा’ म्हणून गळ घालतं. इथे उलटीच गंगा.

चारही सिलिंडरचं प्रेशर गेजने पाहिलं. बराबर होतं. मग प्रत्येकात चमचाभर तेल टाकून पुन्हा पाहिलं. रिंगा झिजल्या असतील तर तेलाने फट बुजते आणि काटा उडी मारतो. इथे जेमतेम हलला. म्हणजे रिंगा ठीक होत्या. दोष हेडमधल्या व्हॉल्व्हच्या सीलचा. ही रबराची छोटी टोपणं. कडक झाली की उभ्या गाडीत थेंब थेंब तेल आत झिरपतं आणि सकाळी जळतं.

“टॉपचं काम पुरे,” मी म्हणालो. “चांगलं इंजिन काहून फाडायचं? कंपनीतून बसून आलंय तसं परत बसवीन, ही ग्यारंटी मी देत न्हाई.”

“तुमची लेक असती तर?”

“तरी एवढंच केलं असतं.”

आणि मी हेड सोडवायला घेतलं.

दोन दिवसांत काम झालं. धूर गेला. गाडी न्यायला नसरीन आली तेव्हा तिला टेंपरेचरचा काटा दाखवला. “हा अर्ध्याच्या वर गेला, की गाडी बाजूला घे अन् बंद कर. पुढच्या गावापर्यंत जाऊ, असं म्हणायचं न्हाई.”

मग चार दिवस फोन वाजला की माझा हात थांबायचा. पाचव्या सकाळी तिचाच आला.

“काका, काटा वर गेला. औंढ्याच्या अलीकडं हाय. बोनेटमधून वाफ येऊन राहिली.”

मीच बसवलेलं हेडखालचं पॅकिंग, म्हणजे गॅस्केट, गेलं असणार. आपण एका पोरीची नोकरी घालवली, एवढंच डोक्यात होतं. मोटारसायकलवर पोचलो तर कादरभाई आधीच आलेले.

रेडिएटरचा वरचा रबरी पाइप क्लिपजवळ बोटभर फाटला होता. हेड काढताना तो मीच सोडवला होता आणि मीच परत बसवला होता. इंजिन किती उघडायचं या काळजीत रबर कडक झालंय का, हे साधं दाबूनही पाहिलं नव्हतं.

“फुल केलं असतं तर?” कादरभाईंनी विचारलं.

थाप मारून सुटता आलं असतं. “तरी फाटला असता. हाच पाइप परत लावला असता मी. चूक माझी हाय.”

ते लेकीकडे वळले. “शेवटी बंद पडलीच ना?”

“बंद पडली न्हाई, अब्बा. मी बंद केली.”

औंढ्याहून पाइप आणून बसवला, पाणी भरलं, गाडी चालू केली. कान लावला. आवाज स्वच्छ. तेलात पाणी नाही, म्हणजे गॅस्केट शाबूत.

“तिनं लगेच चावी फिरवली म्हणून इंजिन वाचलं,” मी म्हणालो. “मैलभर पुढं रेटली असती, तर फुलच करावं लागलं असतं.”

गाडीचं दार अडवून उभे असलेले कादरभाई बाजूला झाले. नसरीन ड्यूटीवर गेली, दीड तास उशिरा.

आता मी आधी सगळे पाइप दाबतो. मग इंजिनाबद्दल तोंड उघडतो.