ब्रेकमधली हवा

बायको गेली त्याला दीड वर्ष झालं. तेवढ्या काळात मी मोटारसायकलचं ब्रेक ऑइल बदललं नाही. खोटं कशाला बोलू, या कामाला दोन माणसं लागतात. एकाने हँडलवरचा ब्रेक दाबून धरायचा, दुसऱ्याने चाकापाशी बसून बारीक बोल्ट ढिला करायचा. जुनं तेल हवेसकट नळीतून बाटलीत येतं. बोल्ट आवळल्यावरच वरच्याने ब्रेक सोडायचा. आधी सोडला की हवा परत आत. वरचं माणूस म्हणजे ती. एकदा गॅसवर दूध उतू गेलं, पण मी ‘सोड’ म्हणेपर्यंत तिने बोट हलवलं नाही. नंतर मला जे बोलली ते लिहिण्यासारखं नाही.

तर ब्रेक पार लोण्यासारखा झाला. मसाटच्या वळणावर दाबला, तर लिव्हर थेट मुठीला टेकली आणि मी भाजीच्या हातगाडीत. दोन कोबी गेले, मी राहिलो. बातमी माझ्याआधी डोकमर्डीला घरी पोचली. मुलगी शाळेत शिकवते, घरीही तेच.

“आबा, गाडी विकायची.”

“अन् ब्रेक नीट झाला तर?”

“मी मागे बसून बघणार. थांबली तर चावी तुमची. नाही तर रविवारीच गिऱ्हाईक आणते.”

गाडी गेली तर दिवसभर बायकोच्या फोटोसमोर बसणं आलं. फोटो काही भांडत नाही.

रविवारी सकाळी मुलीलाच लिव्हरपाशी उभी केली. टाकीवर ओलं फडकं टाकलं, कारण हे तेल सांडलं की रंग खातं. हँडलवरच्या ब्रेक ऑइलच्या डबीचं झाकण उघडलं तर आत तेल कसलं, काळा चहा! वर नवं तेल भरलं, झाकणावर लिहिलेल्या नंबरचंच.

“दाब. धर.”

बोल्ट ढिला केला, बुडबुडे निघाले. तेवढ्यात वरच्या गॅलरीतून आमचे शेजारी, कोकणातले रिटायर कारकून, ओरडले, “अहो आबा, सोडा हो आता! वय काय तुमचं!”

मुलीने सोडलं. नळीतलं तेल सुळ्ळकन उलटं.

“का सोडलं गं?”

“सोडा म्हणालात ना!”

“मी नाही, तो वरचा!”

“मी गाडी सोडा म्हटलं हो,” वरून खुलासा आला.

पुन्हा दाब, धर. शेजाऱ्यांना आता उपकार करायचे होते. “पोरी, सोडू नको हं!” तिला त्यातलं ‘सोड’ तेवढं ऐकू आलं. हवा परत आत.

मी म्हटलं, “आता ‘सोड’ शब्दच बंद. मी ‘कोबी’ म्हणेन तेव्हाच सोडायचं.”

दाबलं, धरलं, बोल्ट ढिला केला, आणि गॅलरीतून खणखणीत आवाज आला, “कोबी!”

मी फरशीवर बसलो तो उठेना. पोट धरून हसलो. मुलगी हँडलवर डोकं टेकून हसत होती, वरचे कठड्याला धरून. बायको गेल्यावर असा हसलोच नव्हतो. डोळ्यांतून पाणी आलं, ते कशाचं ते बघत बसलो नाही. शेवटी शेजाऱ्यांना खाली बोलावलं आणि तेल संपत आलं की वर ओतायचं काम दिलं. हात गुंतले, तोंड थांबलं. नळीतून स्वच्छ तेल यायला लागलं, एक बुडबुडा नाही. लिव्हर दगडासारखी टणक.

किलवणीच्या रस्त्याला निघालो. मोकळी जागा बघून दाबला. गाडी जागच्या जागी, मुलीचं हेल्मेट माझ्या पाठीत.

“परत दाबा.”

दाबला. परत पाठीत.

“परत!”

तिसऱ्यांदा तिला ब्रेक बघायचाच नव्हता, मजा येत होती. मी गाडी बाजूला घेतली. “चावी?”

“तुमचीच. पण तेल वेळच्या वेळी बदलायचं. दाबायला मी येईन.”

“आईसारखं धरायला शिक आधी.”

“शिकवा. शिव्या मात्र द्यायच्या नाहीत.”

ती अट मी अजून मान्य केलेली नाही.