अकरा कूलर

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे आमच्या कूलरची खस, म्हणजे वाळ्याचं गवत, बदलणं. दुपारचे चार वाजले होते. मी तिन्ही जाळ्या काढून मागच्या ओट्यावर आणल्या, जुनी खस उपटून टाकली आणि नवी दाबून भरली. बायको समोर पाटावर बसली. मी सुतळी ओवलेली मोठी सुई जाळीतून पलीकडे ढकलायचो, ती ओढून घ्यायची आणि परत माझ्याकडे ढकलायची.

"अहो, इतकी दाबू नका. वारा कुठून येणार?"

"पस्तीस वर्षं कारखान्यात मशिनी जोडल्या. खस भरता येते मला."

"मशिनी उलटं बोलत नव्हत्या, म्हणून जमलं."

तिसऱ्या जाळीची सुतळी संपली तशी तिनं गाठ मारून दातानं तोडली. हात धुतले, म्हणाली, "डोकं जड झालंय, जरा पडते. सहाला उठवा." मी जाळ्या बसवल्या, पाणी भरलं, कूलर चालू केला. वारा कमी येत होता. खस जास्त दाबली गेली होती, पण ते मी तिला सांगणार नव्हतो.

सहाला उठवायला गेलो. ती उठली नाही.

टाउनशिपच्या दवाखान्यात डॉक्टरनं सांगितलं, डोक्यातली नस फुटली, झोपेतच गेली असेल. नंतर कॉलनीत लोक म्हणाले, म्हातारीनं उन्हाळ्यात बादल्या उचलल्या, म्हणून गेली. हे खोटं आहे. त्या तीन दिवसांत तिनं एक बादली उचलली नाही. मीच उचलू दिली नाही. हे सगळ्यात आधी लिहून ठेवतो, कारण मी मेल्यावर हे सांगणारं कोणी राहणार नाही.

आता बादल्या कसल्या ते सांगतो.

आम्ही नगरकडचे ख्रिस्ती. मी चौथी शिकलेला, ती दहावी पास. नोकरीसाठी भोपाळला आलो ते इथलेच झालो. टाउनशिपमध्ये रिकामे पडलेले क्वार्टर रिटायर लोकांना भाड्यानं मिळतात, त्यातल्याच एकात राहायचो. आमच्या चार लायनींत अशी म्हातारी माणसं पुष्कळ. मुलं कोणाची पुण्यात, कोणाची बंगलोरला. आमचीही एकुलती एक मुलगी पुण्यात.

पाच वर्षांपूर्वी मागच्या लायनीतला एक रिटायर क्लार्क मे महिन्यात घरातच मेला. दोन दिवस कोणाला पत्ता नाही. दार तोडलं तेव्हा कूलर चालू होता, पण कोरडा ठाक, नुसती गरम हवा फेकत होता. त्या माणसाला बादली उचलवत नव्हती. नळ मागच्या अंगणात, कूलर पुढच्या खिडकीत, आणि पाणी सकाळी सहा ते साडेसात.

तेव्हा चर्चच्या तरुण संघाचं काम हिच्याकडे होतं. उन्हाळ्याच्या सुट्टीत चौदा-पंधरा पोरं-पोरी आमच्या अंगणात जमायची. गाणी, वचनं पाठ करणं, शेवटी सरबत. त्या रविवारी ती पोरांना म्हणाली, "गाने बहुत हो गए. कल सुबह छह बजे आना, बाल्टी लेकर."

मी घरात आल्यावर म्हटलं, "लोक पोरं देवाचं शिकायला पाठवतात. तू भिस्ती बनवणार त्यांना?"

"येशूनं पाय धुतले शिष्यांचे. पाणी कोणी भरलं असेल हो?"

 मी आमच्या दोन बादल्या घासून ठेवल्या.

तिनं अकरा घरं निवडली. हिंदू, शीख, मुसलमान, आपले, काही बघितलं नाही. एकटं माणूस आणि बादली उचलवत नाही, एवढंच बघितलं. पोरांसाठी नियम केला. आधी कूलर भरायचा, मग दहा मिनिटं बसायचं. ते बोलतील ते ऐकायचं. प्रार्थना त्यांनी मागितली तरच करायची, आपणहून नाही. एका घराला एकच पोरगं किंवा पोरगी, पूर्ण उन्हाळा तेच. बाकीची आजारी पडणाऱ्यांच्या जागी.

कोणाला कुठलं घर द्यायचं हे ती रात्रंदिवस घोळवायची. एक पोरगी अशी की तोंड बंदच नाही. तिला दिला बहिरा फोरमन. मी म्हटलं, "अगं, तो ठार बहिरा." ती म्हणाली, "तिला ऐकायला शिकायचंय आणि त्याला कोणाचं तरी तोंड हलताना बघायचंय." एक पोरगा मोबाइलमधून मान वर काढायचा नाही. त्याला दिल्या ग्वाल्हेरच्या मास्तरीणबाई. त्या उंबऱ्यावरच हात पुढे करायच्या, "मोबाइल इथे ठेव. आता आत ये." महिन्यानं तो पोरगा त्यांच्याकडून मराठी वाचायला शिकला. त्याच्या आईबापाला सात वर्षं जे जमलं नव्हतं ते. मी कारखान्यात मोठेमोठे इंजिनिअर बघितले, पण माणूस कुठं बसेल हे हिच्याइतकं नेमकं ओळखणारा बघितला नाही. हे तिला तोंडावर कधी बोललो नाही. बोलायला पाहिजे होतं.

तर पाचवा उन्हाळा. नेहरू नगरहून चर्चचे नवे पाळकसाहेब स्कूटरवर आले. तरुण माणूस, उत्साही. म्हणाले, "आंटीजी, पचमढी में यूथ कैंप है. पाँच दिन. सब बच्चों को ले जाना है."

मला वाटलं, आता भांडण होणार. तिनं विचारलं, "कूलर कौन भरेगा?"

"पाँच दिन की तो बात है, आंटीजी."

"आप पाँच दिन प्यासे रहिए, फिर बताइए."

पाळकसाहेब लाल झाले. मग तीच हसली. "ले जाइए. बच्चों को पहाड़ देखना चाहिए. कूलर हम दोनों भर देंगे."

मी आतून ओरडलो, "दोघं कोण?"

"तुम्ही आणि मी. आणखी कोण बसलंय घरात?"

पोरांना तिनं एकेकाला बोलावून सांगितलं, तुझं घर मी बघते, पाचही दिवस, एक दिवस चुकणार नाही. ती बडबडी पोरगी जायलाच तयार नव्हती. फोरमनसाहेब दार उघडणार नाहीत म्हणाली, त्यांना खिडकीतून कंदील दाखवतात तसा हात हलवावा लागतो. हिनं तिच्या डोक्यावर हात ठेवून शब्द दिला, तेव्हा ती बसमध्ये चढली.

पहिल्या दिवशी पाच वाजता मला हलवून उठवलं. मी म्हटलं, "एक अट. तू बादलीला हात लावायचा नाही." तिचं ब्लड प्रेशर होतं, गोळ्या होत्या. ती म्हणाली, "मग तुम्ही उचला, मी बसते." असंच वाटून घेतलं. मी एका घरातला कूलर भरून पुढच्या घरी जायचो, ती मागून येऊन बसायची. साडेसातला माझं काम संपायचं. तिचं संपायला नऊ वाजायचे. मी तोवर बाहेर कट्ट्यावर बसून स्वतःशी कुरकुरत राहायचो.

मास्तरीणबाई एकदा खिडकीतून म्हणाल्या, "तुम्ही बाहेर का? माझे देव चावत नाहीत ख्रिस्ती माणसाला."

"मला बोलता येत नाही, बाई."

"मग गप्प बसायला या. इथे पुष्कळ जागा आहे."

मी गेलो नाही. खरं सांगायचं तर मला भीती वाटायची. एकट्या माणसांच्या घराला एक वास असतो, औषधाचा, जुन्या पेपरांचा. मला तो नको होता.

फोरमनच्या घरी तर गंमत. तो मोठमोठ्यानं जुन्या कारखान्याच्या गोष्टी सांगायचा आणि ही मान डोलवायची. बाहेर आल्यावर मी विचारलं, "काय समजलं तुला त्यातलं?"

"काही नाही."

"मग मान कशाला हलवत होतीस?"

"तुमच्यासोबत चव्वेचाळीस वर्षं काढली. सवय आहे."

तिसऱ्या दिवशी अकराव्या घरातून निघताना ती म्हणाली, "दोनच दिवस राहिले." मी म्हटलं, "दोन दिवसांत मी मरतो." असं बोललो मी. त्याच दुपारी आम्ही खस भरली.

संध्याकाळी तिला दवाखान्यातून घरी आणलं. चर्चच्या महिला मंडळाच्या बायका आल्या, तिला ठेवायला बर्फाची पेटी आली. मुलगी पुण्याहून निघाली, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पोचणार होती. दफन चारला ठरलं. पाळकसाहेबांचा पचमढीहून फोन आला. पोरं रडत होती, सकाळी बस निघेल, दुपारपर्यंत पोचतील. मग त्या बडबड्या पोरीनं फोन घेतला.

"अंकल," ती म्हणाली आणि थांबली. "अंकल, कल सुबह..."

पुढे बोलवेना तिला. लाज वाटली असेल, अशा वेळी हे कसं विचारायचं. पण मला कळलं तिला काय विचारायचंय. पोरं दुपारी येणार. पाणी सकाळी सहाला येणार. हिनं पाच दिवस म्हणून सांगितलं होतं आणि झाले होते तीन.

"सो जा, बेटा," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

रात्रीचं लिहीत नाही.

पहाटे साडेपाचला मी उठलो, म्हणजे खुर्चीतून उठलो. दोन बादल्या घेतल्या. महिला मंडळाची सगळ्यात थोरली बाई पेटीजवळ बसली होती.

"भाऊ, कुठं चाललात?"

"कूलर भरायला."

"आज? अहो, लोक काय म्हणतील?"

"नळ आजही सहालाच येणार."

तिला वाटलं माझं डोकं फिरलं. फिरलं नव्हतं. मला एवढंच दिसत होतं की तिनं दिलेला शब्द आहे आणि तो पाळणारं माणूस मी एकटाच उरलोय.

पण रोजच्यासारखं काम होईना. बातमी पसरली होती. प्रत्येक दारात मला अडवायचे, बादली हातातून घ्यायचे, "आज रहने दो, भाईसाहब." मी म्हणायचो, "हटो, पानी चला जाएगा." एका सरदारजी आजोबांनी माझा हात धरून ठेवला तो सोडेनातच. मास्तरीणबाई गेटवर उभ्या होत्या. त्या बाजूला झाल्या. मी कूलर भरून जायला वळलो तर म्हणाल्या, "बसा."

"पाणी जाईल, बाई."

"जाऊ दे."

मी बसलो. त्यांनी पाणी दिलं, ते प्यायलो. आदल्या संध्याकाळपासून मी काही प्यायलो नव्हतो हे तेव्हा लक्षात आलं. त्या सारख्या पदरानं चष्मा पुसत होत्या. किती वेळ गेला माहीत नाही, पण आठवं घर झालं आणि नळ गेला.

तीन घरं राहिली.

घरी आलो. मागच्या अंगणात आमचं प्लास्टिकचं पिंप भरलेलं होतं. मी झाकण काढलं तशी थोरली बाई धावत आली. "भाऊ, हात लावू नका. तिला आंघोळ घालायचीय. माणसं येतील, घरात पाणी लागेल."

"आंघोळीला किती?"

"अहो, असं काय विचारता?"

"किती बादल्या?"

बाई हळूच म्हणाली, "दोन."

मी दोन बादल्या भरून न्हाणीघरात ठेवल्या, वरून ताट झाकलं. पिंपातलं बाकीचं पाणी कूलरचं. थोरली बाई आत गेली, आमच्याच मोरीतली बादली घेऊन आली आणि पदर खोचला. तिच्या मागून आणखी एक बाई निघाली. तिघांनी मिळून दोन घरं केली. पिंपाच्या तळाला चार बादल्या उरल्या, त्या शेवटच्या घराला. बायकांना मी परत पाठवलं, आंघोळीची वेळ झाली होती. दोन खेपा मी एकट्यानं केल्या.

ते घर फोरमनचं. खिडकीतून हात हलवला. त्यानं दार उघडलं. त्याला कोणी सांगितलं नव्हतं, बहिऱ्याला कोण सांगणार. माझ्या मागे बघत मोठ्यानं म्हणाला, "मैडम किधर हैं?"

मी आधी कूलर भरला. चारही बादल्या. तो मागे मागे येत विचारत राहिला. मग मी त्याच्या कानाला तोंड लावून म्हटलं, "नहीं रहीं."

"क्या?"

"गुज़र गईं."

"ज़ोर से बोलो, भाई!"

संध्याकाळपासून मी हे एकदाही माझ्या तोंडानं बोललो नव्हतो. डॉक्टर बोलले, बायका बोलल्या, मुलीला फोनवर शेजाऱ्यानं सांगितलं. मी ओरडलो, "मर गई! मेरी बीवी मर गई!" लायनीतली दारं उघडली. कोणीतरी गॅलरीतून खाली बघितलं.

फोरमनचा चेहरा एकदम लहान झाला. तो वळला, खुर्चीवर पेपरांची थप्पी होती ती दोन्ही हातांनी उचलून खाली ठेवली आणि खुर्ची कूलरसमोर ओढली. मी बटण दाबलं. पंखा फिरला, गार वारा आला.

मग मी त्या खुर्चीवर बसलो आणि दहा मिनिटं उठलो नाही.