सुवर्णाच्या नावावरचं घर

चारुदत्त निमकरांना पीकन हॉलोत सगळे ओळखत, आणि ओळखणाऱ्यांपैकी निम्मे त्यांना लांबून येताना पाहिलं की गॅरेजचं दार खाली करत. ह्यूस्टनच्या नैऋत्येला अठ्ठेचाळीस घरांची ही जुनी वस्ती. झाडं मोठी, पदपथ मुळांनी उचकटलेले. निमकर रोज सकाळी टोपी घालून फेरी मारायचे. कुणाच्या अंगणात बोट उभी आहे, कुणी कुंपण सहा इंच पुढे सरकवलंय, हे त्यांना चालता चालता दिसायचं. तिसऱ्या दिवशी पत्र घरी.

हे त्यांचं वेड होतं असं म्हणणं सोपं आहे, पण त्यामागे कारण होतं. ह्यूस्टनला झोनिंग नाही. तुमच्या घराशेजारी उद्या टायरचं दुकान उभं राहिलं तर शहर हूं की चूं करत नाही. राखण असते ती फक्त वस्तीच्या मूळ दस्तातल्या अटींची, म्हणजे डीड रिस्ट्रिक्शन्सची. पीकन हॉलोची मुख्य अट अशी की एका प्लॉटवर एकच कुटुंब, एकच घर. हे निमकरांना इतरांपेक्षा जास्त कळत होतं, कारण त्यांनी आयुष्यभर उलटं काम केलं होतं. ड्रेनेज इंजिनिअर म्हणून तेहतीस वर्षं त्यांनी शहराच्या पश्चिमेची भातशेती आणि गवताळ रानं नकाशावर रस्त्यांनी कापली होती, पाणी कुठे ढकलायचं ते ठरवलं होतं. ते गेले तिथे मागून घरं गेली. मात्र ते स्वतः राहत होते त्या रस्त्यावरची एक वीटही कुणी हलवायची नाही, असा त्यांचा बाणा.

घर घेतलं तेव्हा त्यांनी ते बायकोच्या, सुवर्णाच्या, एकटीच्या नावावर केलं. ठाण्याहून त्यांच्या आईनं पत्रात लिहिलं होतं, वास्तू लक्ष्मीच्या नावानं घे, टिकते. निमकरांना ते पटलं, शिवाय चारचौघांत सांगायला छान होतं. महाराष्ट्र मंडळात कुणी बायकांच्या हक्कांवर बोलू लागलं की ते म्हणायचे, "आमच्याकडे तर मी भाडेकरू."

बँकेचं, विम्याचं, टॅक्सचं मात्र सगळं तेच बघायचे. सुवर्णाची सही लागली तर तीही तेच करायचे. सुरुवातीला ती स्वयंपाकात असायची म्हणून, पुढे सवय म्हणून. एकोणचाळीस वर्षांत तिनं स्वतः सही केली ती पासपोर्टवर, लायसन्सवर आणि रविवारच्या मराठी शाळेच्या प्रमाणपत्रांवर. ती शाळा तिनं बावीस वर्षं चालवली.

अटींची मुदत त्या वर्षीच्या एकतीस डिसेंबरला संपणार होती. वाढवायची तर अठ्ठेचाळीसपैकी छत्तीस घरमालकांच्या सह्या हव्या होत्या, नोटरीसमोर केलेल्या. नाही जमलं तर एक जानेवारीपासून प्रत्येक प्लॉट मोकळा. चार मजले बांधा, आठ बांधा.

एका बिल्डरला हे दोन वर्षं आधीच कळलं होतं. त्यानं घरं घ्यायला सुरुवात केली, आणि त्याच्या वतीनं दारोदार फिरत होती चैत्राली. ती याच वस्तीत वाढलेली, सुवर्णाच्या शाळेत शिकलेली, आता रिअल्टर, म्हणजे घरांच्या खरेदी-विक्रीतली दलाल. पहिलं घर तिला मिळालं ते संजयचं. तेल कंपनीतली नोकरी गेल्यावर संजयनं हप्ते निघावेत म्हणून गॅरेजवरची खोली एका नर्सला भाड्यानं दिली होती. एक घर, एक कुटुंब. निमकरांनी तीन पत्रं लिहिली, चौथं वकिलाकडून. संजय त्यांच्या दारात येऊन म्हणाला होता, "काका, सहा महिने द्या फक्त." निमकर म्हणाले, "नियम कॅलेंडर बघून लावायचे नसतात." नर्स गेली, मग संजयही गेला. जाताना त्याची बायको सुवर्णाला भेटली, निमकरांना नाही.

सह्या गोळा करण्याचं काम अर्थात निमकरांनी अंगावर घेतलं. नोटरीचा शिक्का होता राजीवकडे. तो लोकांचे टॅक्स भरून द्यायचा, मंडळाचा खजिनदार होता आणि निमकरांचा शब्द मोडायची त्याची हिंमत नव्हती. ऑगस्टच्या उकाड्यात दोघं दार वाजवत फिरले. समोरच्या मिसेस ओर्टेगाला मुलगा घर विकून टाक म्हणत होता. निमकरांनी तिला सांगितलं, "तुझ्या खिडकीसमोर भिंत येईल. शेजारी मेला तरी कळणार नाही." बाई ऐंशीची. तिनं घाबरून सही केली.

नोव्हेंबरअखेर छत्तीस झाल्या, एकही जास्त नाही. छत्तिसावा फॉर्म त्यांच्या स्वतःच्या घराचा. सुवर्णा तेव्हा वर झोपली होती. तिचे गुडघे संपले होते, दिवसातून दोनदाच ती जिना उतरायची. खालची खोली मला द्या, पलंग तिथे लावू, असं ती दोन वर्षं म्हणत होती. त्या खोलीत निमकरांचे नकाशे होते.

"काकूंना बोलवता का?" राजीवनं शिक्का हातात धरून विचारलं.

"तिला कशाला उतरवतोस? गुडघे दुखतात तिचे." निमकरांनी पेन उघडलं आणि नेहमीच्या टोकदार, ड्रॉइंगवर नावं घालायच्या अक्षरांत इंग्रजीत सही केली. राजीवनं शिक्का मारला. दोघांनी चहा घेतला.

फॉर्म मुदतीत दाखल झाले. निमकरांनी प्रत्येक घरी आभाराचं पत्र टाकलं, त्यात मागल्या वर्षीच्या कुंपणांच्या थकलेल्या दुरुस्त्यांची आठवणही होती.

जानेवारीत बिल्डरच्या वकिलानं सगळ्या फॉर्मच्या प्रती मागवल्या आणि चैत्रालीपुढे टाकल्या, कारण माणसं तिच्या ओळखीची. एक पान उचलून ती बराच वेळ बघत राहिली. मग तिनं सुवर्णाला फोन केला.

"काकू, एक विचारू? रागावणार नाही ना?"

"तू परीक्षेत माझ्यासमोर कॉपी केलीस तेव्हा नाही रागावले."

"तुम्ही साइन मराठीत करता ना? माझ्या सगळ्या सर्टिफिकेट्सवर मराठीत आहे. आईनं फ्रेम केलीयेत ती."

"लायसन्सवरही मराठीतच आहे. का गं?"

"काही नाही. टेक केअर, काकू."

दोन आठवड्यांनी नोटीस आली. सुवर्णा निमकर यांनी शपथेवर जबाब द्यावा. निमकरांनी ती उभ्या उभ्या वाचली आणि तिला खाली न बोलावता स्वतः जिना चढून तिच्याकडे गेले. ती पलंगावर पाय लांब करून मटार सोलत होती.

"एकच प्रश्न असणार," ते म्हणाले. "ही सही तुमची का. यस म्हणायचं."

"पण माझी नाहीये."

"तुझ्या वतीनं आहे. नवराबायकोत काय वेगळं असतं?"

"मला दाखवला का नाही फॉर्म?"

"तुला त्यातलं काय कळतं?" मग आवाज खाली आणून, "घर तुझ्या नावावर आहे, आणखी काय पाहिजे?"

सुवर्णा मटार सोलत राहिली. मागच्या पावसाळ्यात ती जिन्यावरून चार पायऱ्या घसरली होती. शुगर लँड उपनगरातून रेणू, त्यांची मुलगी, आली होती आणि म्हणाली होती, आई, माझं घर एकमजली आहे, चल. निमकरांनी सांगितलं होतं, ती गेली तर वस्तीत काय संदेश जाईल? सुवर्णाच्या दुखावलेल्या मनगटाचा पट्टा तेव्हा अजून सुटायचा होता.

जबाबाच्या दिवशी डाउनटाउनपर्यंत पाऊण तास गाडी. निमकर सगळा वेळ बोलत होते.

"नो म्हणालीस तर छत्तीसच्या पस्तीस होतील. मुदत गेली. संपलं. आणि मी खोटी सही केली असं होईल, कळतंय? राजीवचा शिक्का जाईल. रेणूच्या वयाचा आहे तो."

"मग शपथ का घ्यायची खोटी?"

"शपथेचं मी बघतो."

सुवर्णा खिडकीबाहेर पाहत होती. फ्रीवेच्या दोन्ही बाजूंना त्यांनीच कधी काळी आखलेल्या वस्त्यांची छपरं, एकसारखी, तपकिरी, क्षितिजापर्यंत. तिनं विचारलं, "या सगळ्या जागेवर आधी काय होतं हो?"

"काही नव्हतं. भात."

बिल्डरचा वकील तरुण होता आणि अतिशय नम्र. त्यानं सुवर्णाला पाणी दिलं, गुडघ्यांची चौकशी केली, दुसरी खुर्ची पुढे करून पाय वर ठेवायला सांगितलं. एवढं घरात कुणी केलं नव्हतं. मग त्यानं पान पुढे केलं.

ही सही तुमची आहे का?

निमकर भिंतीजवळ बसले होते. त्यांनी डोळे तिच्यावर रोखले होते, संजयवर रोखायचे तसे.

"नो," सुवर्णा म्हणाली.

कुणाची आहे?

"माझ्या मिस्टरांची. माझ्या सगळ्या तेच करतात." वकिलानं आणखी काही विचारलं नव्हतं. तिनं आपणहून पुढे इंग्रजीत सांगितलं, सावकाश, वर्गात सांगावं तसं: मला विचारलं असतं तर मी केली नसती.

गाडीत निमकर बराच वेळ चावी न फिरवता बसले. पार्किंगचा तो मजला गरम आणि अंधारा होता. मग त्यांचे खांदे हलू लागले. सुवर्णानं पर्समधून रुमाल काढला, स्वतःचा घाम पुसला आणि परत आत ठेवला.

"एसी लावा," ती म्हणाली.

मे महिन्यात न्यायाधीशांनी छत्तिसावी सही बाद केली. खोट्या सहीचा खटला बिल्डरनं लावला नाही, त्याला जमीन हवी होती, म्हातारा नको होता. राजीवचा शिक्का मात्र गेला. तो फोनवर म्हणाला, "काकूंना बोलवा म्हटलं होतं मी." एवढंच. त्यानंतर त्यानं फोन केला नाही. निमकरांच्या टॅक्सचे फॉर्म त्या वर्षी निमकरांनीच भरले आणि त्यात चुका केल्या.

पण शेजारी चिडतील ही निमकरांची भीती निघाली खोटी. अटी उठल्याबरोबर प्रत्येक प्लॉट उंच इमारतीच्या भावानं मागितला जाऊ लागला. ज्यांनी निमकरांच्या धाकानं सह्या दिल्या होत्या तेच त्यांना थांबवून हात मिळवू लागले. मिसेस ओर्टेगाचा मुलगा गोड 'पीकन पाय' भाजून घेऊन आला, वस्तीच्या नावातल्याच अक्रोडासारख्या दाण्यांचा. निमकरांनी दार लावलं तर त्यानं तो पायरीवर ठेवला. दोन दिवस मुंग्या लागल्या.

जूनमध्ये सुवर्णानं चैत्रालीला घरी बोलावलं. निमकर नकाशांच्या खोलीत होते. घर विकायचे कागद जेवणाच्या टेबलावर झाले. नोटरी या वेळी अनोळखी बाई होती, तिनं लायसन्स मागून घेतलं.

"काका साइन नाही करणार?" चैत्रालीनं हळूच विचारलं.

"वकील म्हणाला त्यांचीही एक लागेल, राहतात म्हणून," सुवर्णा म्हणाली आणि आतल्या दाराकडे तोंड करून तिनं हाक मारली, "अहो, या. मी रेणूकडे चाललेय. तुम्ही यायचं तर या, नाहीतर भाड्यानं बघा कुठे."

ते आले. सही कुठे करायची ते त्यांनी तीनदा विचारलं, तेव्हा नोटरीबाई म्हणाली, सरांना समजतंय ना काय करताहेत?

"समजतंय," सुवर्णानं उत्तर दिलं.

सप्टेंबरात मंडळाचा गणपती शुगर लँडच्या एका शाळेच्या हॉलमध्ये होता. निमकर आता मुलीच्या घरी मागच्या खोलीत राहत. नकाशे कुणी विकत घेत नाही, फुकटही नेत नाही, ते गॅरेजमध्ये होते. जेवणाच्या रांगेत चैत्रालीनं त्यांना गाठलं, दोन-तीन जोडपी तिच्यासोबत होती.

"हे निमकरकाका," ती म्हणाली. "सगळ्यांना वाटलं काका हरले. आणि बघा, पूर्ण स्ट्रीटचा रेट डबल. काका, खरं सांगा यार, मुद्दाम केलंत ना? एवढा पर्फेक्ट माणूस एका सहीत चुकतो?"

लोक हसले. कौतुकानं हसले. कुणीतरी म्हणालं, इंजिनिअरचं डोकं. निमकरांची पाठ कित्येक महिन्यांनी ताठ झाली. त्यांनी प्लेट दुसऱ्या हातात घेतली, घसा साफ केला.

"आता झालं ते झालं," ते म्हणाले, "पण थोडा विचार केला होता मी."

सुवर्णा शेजारच्या खुर्चीवर बसून वरणभात कालवत होती. तिनं मान वर केली नाही.

"खोटं कशाला सांगता?" ती म्हणाली. आवाज शाळेत हजेरी घ्यायचा तो. "कसला विचार? पार्किंगमध्ये रडत होतात. एसीसुद्धा मी सांगितल्यावर लावलात."

हसू आधीच सुरू झालेलं होतं, ते थांबलं नाही, फक्त बदललं. निमकर रांगेत उभे राहिले, कारण मागे माणसं होती आणि पुढे जिलबी वाढत होते. वाढणाऱ्या मुलीनं इंग्रजीत विचारलं, एक का दोन. त्यांनी सुवर्णाकडे बघितलं.

"एकच दे त्यांना," सुवर्णा म्हणाली.