पहाटे न उठणारी गाडी

चार मेकॅनिक कॉफीला बसले की गोष्टी कमी पडत नाहीत. फक्त प्रत्येक गोष्टीत दुसरा कुणीतरी मूर्ख असतो. माझी अडचण अशी, की माझ्या गोष्टींत तो मीच असतो.

तेव्हा दोरैंचं, म्हणजे साहेबांचं राज्य होतं. आमच्या कुंभकोणात डिझेलवर चालणारी गाडी एकच, गोविंदराव मामांची. पुढे दोन माणसं बसतील एवढी केबिन आणि मागे उघडा हौदा. तिरुभुवनमच्या रेशमी साड्या, पितळी भांडी, विड्याची पानं, सगळं तीच वाहायची. माणिक्कम ड्रायव्हर आणि मी मेकॅनिक. मी शिकलो होतो पेट्रोलच्या मोटारींवर, पण हे मामांनी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

पहिल्याच थंडीत गाडी पहाटे सुरू होईना. आमची थंडी ती केवढी, उपरणं कानाला गुंडाळलं की भागते. पण गाडी दोनदा खोकायची, पांढरा धूर सोडायची आणि गप्प. मी बॉनेट उघडलं, आत हात घालून चाचपलं. धावत मामांकडे गेलो. "मामा, चोरी झाली. चारही स्पार्क प्लग नेले."

मामा पोलिसात जायला निघाले, अंगात कोटही चढवला. माणिक्कम दारात उभा होता. तो मला हळूच म्हणाला, "स्वामी, या इंजिनाला प्लग नसतातच."

मामांनी कोट काढला.

•

मग मी डिझेलचं पुस्तक मागवलं. त्यात लिहिलं होतं, गार इंजिन कुरकुरतं, त्याला ऊब द्या. आमच्या घरी न्हाणीघरात पहाटे पाण्याचा हंडा तापत असे. तो मी उचलून नेऊ लागलो आणि रेडिएटरमध्ये ओतू लागलो. कधी गाडी सुरू व्हायची, कधी नाही.

दिवाळीच्या पहाटेही तेच केलं. आमच्याकडे त्या दिवशी भेटेल तो विचारतो, "गंगास्नानम् आच्चा?" म्हणजे अभ्यंग झालं का? मी डोक्याला तेल थापून, कोरडाच, रस्त्यात उभा. समोरून मामा आले आणि त्यांनी विचारलं.

गाडीपाशी उभा असलेला माणिक्कम म्हणाला, "गाडीचं झालं. स्वामींचं राहिलंय."

•

शेवटी मामांनी कंपनीला पत्र घातलं. कंपनीने पुण्याचा एक इंजिनिअर पाठवला. मला आनंद झाला, मराठी माणूस येतोय. पिढ्यान्‌पिढ्या तंजावरकडे राहिलेल्या आमच्या घरच्या मराठीत मी त्याला सांगितलं, "हें इंजिन पहाटे उठेना जालें."

तो म्हणाला, "तुम्ही बखरीतून बोलता का हो?"

तो आला भर दुपारी. ऊन असं, की बॉनेटला हात लावता येत नव्हता. त्याने बटण दाबलं, गाडी सुरू. बंद केली, पुन्हा दाबलं, पुन्हा सुरू. असं सात वेळा. मी म्हटलं, पहाटेपर्यंत थांबा. त्याला तंजावरची आगगाडी पकडायची होती. जाताना रिपोर्ट लिहून गेला, तो मामांनी मोठ्याने वाचला: "इंजिनात दोष नाही. मेकॅनिक तपासावा."

त्या दिवशी मामा पहिल्यांदा म्हणाले, "किट्टू, महिनाभर बघतो. नाहीतर गाडी विकतो आणि बैल घेतो." बैलांना मेकॅनिक लागत नाही, हे मला कळत होतं.

•

घरी येऊन पानावर बसलो. बायको म्हणाली, "अहो, शुक्रवारी ती गाडी बरी चालते, नाही का?"

"गाडीला वार कळतात होय?"

"ते मला काय ठाऊक. पण शुक्रवारी तुम्ही वेळेवर जेवायला येता."

मी हसलो. हसता हसता थांबलो. खरंच, शुक्रवारी गाडी पहिल्या झटक्यात सुरू व्हायची, आणि ते श्रेय मी माझ्या गुरुवारच्या दुरुस्तीला देत आलो होतो.

शुक्रवारी लक्ष्मीपूजेसाठी मामी पहाटे दारापुढे सडा घालायच्या. म्हणून गुरुवारी संध्याकाळी माणिक्कम गाडी नदीच्या उतारावर, तोंड खाली करून लावायचा. एरवी ती दारापुढच्या चढावर, तोंड वर करून उभी. आणि शुक्रवारी तिच्याखाली डिझेलचे थेंब पडलेले असायचे. त्यावरून मी माणिक्कमला दर आठवड्याला झापत होतो.

धावत गेलो. मागच्या टाकीकडून इंजिनाला येणाऱ्या नळीच्या जोडावर केसाएवढी चीर होती. चढावर उभी राहिली की चिरेतून हवा आत शिरायची आणि डिझेल रातोरात टाकीत परत जायचं. उतारावर डिझेल इंजिनापाशीच राहायचं, थोडं ठिबकायचं, एवढंच. नळी बदलली. मामांना सांगितलं, दोष मी शोधला. बायकोचं नाव सांगायला मला पुढे अकरा वर्षं लागली.

•

एक सांगायचं राहिलं. ते तीन महिने, शुक्रवार सोडला तर, गाडी बहुतेक ढकलूनच सुरू व्हायची. आमच्या रस्त्यावरची सहा-सात माणसं पहाटे येत. त्यांत पहिले सेतुराम मास्तर. शाळेतून निवृत्त झालेले, बायको वारलेली, मुलगा रंगूनला. महिनोन्महिने घराबाहेर न पडलेला हा माणूस गाडी ढकलायला मात्र सगळ्यांच्या आधी हजर असे. मग सगळे मिळून आमच्या ओट्यावर कॉफी पीत, आणि मास्तर तास तास बोलत.

नळी बदलल्यावर दुसऱ्या दिवशी पहाटे सगळे आले. माणिक्कमने मला विचारलं, "स्वामी, सुरू करू का?" मास्तर पलीकडून येत होते. अंघोळ झालेली, कपाळावर विभूती. त्यांनी उपरणं खांद्यावरून काढून कमरेला बांधलं आणि हौद्याला हात लावून उभे राहिले.

"काय किट्टू," ते म्हणाले, "आज कशी आहे?"

मी बॉनेट उघडलं. बराच वेळ आत बघत राहिलो. मग बंद केलं.

"नाही मास्तर," मी म्हटलं. "ढकलावीच लागेल."