नवं कुलूप

घाटकोपरच्या आमच्या चाळीत चार घरांना मिळून एक संडास आहे. त्याला कुलूप, आणि प्रत्येक घरात एक चावी. आमची चावी दारामागच्या खिळ्याला असायची. मला आतड्याचा आजार झाल्यापासून ती माझ्या उशाशी आली.

मोठ्या आतड्याला सूज आणि जखमा आहेत, असं डॉक्टर म्हणाले. औषध कायम घ्यायचं. दुसऱ्या कुणाला लागण होत नाही, हेही त्यांनी सांगितलं. आजार बळावला की रक्त पडतं आणि थांबता येत नाही. म्हणजे खरंच नाही. हे लोकांना कसं सांगायचं, ते मला अजून जमत नाही. घरात कॉलेजला गेलेली मी पहिली. आईबाबांना आजाराचं नाव कितीदा समजावलं, तरी ते 'पोटाचं' एवढंच म्हणतात.

बाहेर मी फक्त एकीला सांगितलं होतं. शेजारच्या घरातली, पहिलीपासूनची माझी मैत्रीण. ऐकून ती म्हणाली, "एवढंच ना? मला वाटलं, लग्नबिग्न ठरलं तुझं!" तेव्हापासून सकाळी आमच्या कडीचा आवाज आला की ती बाहेर यायची आणि रांगेतल्यांना दटावायची, "हिला जाऊ दे रे आधी, लेक्चर आहे हिचं." मी निर्धास्त होते.

त्या सकाळी कडी काढली, तर बाहेर कुणीच नव्हतं. चावी कुलपात जाईना. उलटी करून पाहिली. मग लक्षात आलं, कुलूपच नवं होतं.

आई धावत आली. "कुलूप बदलल्यानी? आमका कोणी सांगूक नाय!"

मैत्रिणीची आई दारात आली. "रागावू नका हो वहिनी. हिला रक्ताचं काहीतरी आहे ना? आमचा नातू रांगतोय. तिन्ही घरांनी मिळून ठरवलं. थोडे दिवस हिने खालच्या सार्वजनिक संडासात जावं."

"काकी, ते कुणाला लागत नाही," मी म्हणाले. पोट दाबून धरल्यामुळे आवाज नीट फुटला नाही.

काकींच्या मागे ती उभी होती. हातात नवी चावी.

"तू सांगितलंस?"

"आईलाच सांगितलं गं फक्त. काळजी वाटली म्हणून."

"मग उघड ना."

तिने काकींकडे पाहिलं. ती जागची हलली नाही, आणि मी आणखी थांबू शकले नाही. जे व्हायचं ते तिथेच झालं, सगळ्यांसमोर. आईने त्यांच्याच दोरीवरची चादर ओढली, माझ्याभोवती गुंडाळली आणि मला आत नेलं.

दुपारी ती आली. नव्या कुलपाची जादा चावी माझ्या हातात कोंबून म्हणाली, "ठेव. आईला नको सांगूस."

चावी मी घेतली. संध्याकाळी पुन्हा जावं लागणारच होतं.

अजूनही चावी उशाशी असते. फक्त आता सकाळी कडी मी दोन्ही हातांनी, हळूच काढते. शेजारी तिला आवाज जाऊ नये म्हणून.